धान्य कोणी भिजवायचं?

वारूना, १० ऑगस्ट १९८६

विल्माबाई,

माझं नाव कॉरल. लेस्टर लिंकेची बायको, म्हणजे तुमच्यानंतरची. हे वाचून पत्र चुलीत टाकावंसं वाटलं तर मी समजू शकते, पण आधी शेवटपर्यंत वाचा. भांडायला लिहिलेलं नाही. तुमचा पत्ता गावातल्या हिल्डा नॉस्केनं दिला. तुम्ही ॲडलेडला सेमाफोरमध्ये राहता आणि शाळेच्या कँटीनमध्ये सँडविच करता, हेही तिनंच सांगितलं. फोन केला असता, पण आमचा फोन स्वयंपाकघराच्या भिंतीवर कुठे आहे ते तुम्हाला ठाऊकच आहे, आणि त्या स्वयंपाकघरात कायम कोणीतरी कान देऊन बसलेलं असतं.

काम पावाचं आहे. नोव्हेंबरात कापणी सुरू होईल. लेस्टर दिवसभर हार्वेस्टरवर, जेवण म्हणजे डब्यातली सँडविचं. गेल्या कापणीला मी गावातल्या दुकानाचा पांढरा पाव दिला. दुपारपर्यंत कडेनं त्याचा पुठ्ठा व्हायचा आणि मधे बीटाच्या पाण्याचा लाल चिखल. लेस्टर म्हणाला, "विल्माचा धान्याचा पाव संध्याकाळपर्यंत जसाच्या तसा राहायचा." टोमणा मारला असता तर मी उलट चार शब्द ऐकवले असते. पण तो अगदी सहज बोलला, हवापाण्यावर बोलावं तसा. ते जास्त लागलं.

मी पोर्ट लिंकनची, मासे डब्यात भरायच्या कारखान्यात वाढलेली बाई. ट्यूना सोलून देईन, पण पाव मला येत नाही. घरात नवरा, माझी नऊ वर्षांची मुलगी टॅमी (माझ्या पहिल्या लग्नाची) आणि सासरेबुवा. सासरेबुवांना माझ्या हातचं काही गोड लागत नाही. पावानं तरी लागेल का बघते.

सवतीकडे कृती मागणारी मी जगातली पहिलीच असेन. द्यायची नसेल तर नका देऊ, पण तसं कळवा. वाट बघत बसायला मला आवडत नाही.

कॉरल

---

सेमाफोर, १९ ऑगस्ट

कॉरलबाई,

पत्र मिळालं. चुलीत टाकलं नाही. इथे गॅस आहे.

आपण सवती नाही. मी त्या घरातून माझ्या पायांनी चालत निघाले त्याला पाच वर्षं झाली, आणि त्यात तुमचा काही संबंध नव्हता. लेस्टर वाईट माणूस नाही. त्याच्याशी बोलणं म्हणजे कुंपणाच्या खांबाशी बोलणं, एवढंच. तो अनुभव तुम्हालाही आला असेल.

पाव माझा नाही, एवाल्डच्या आईचा आहे. एवाल्ड म्हणजे तुमचे सासरेबुवा. मी त्यांना डॅड म्हणत आले आणि आताही तेच लिहीन. लग्न होऊन आले तेव्हा ती म्हातारी जिवंत होती आणि हातात लाटणं घेऊन शिकवायची.

भरडलेला गहू, राय, सातू आणि ओट असं मिळून एक वाडगा धान्य. मूठभर जवस, मूठभर सूर्यफुलाच्या बिया. पीठ तीन वाडगे, त्यातलं दोन भाग पांढरं, एक भाग कोंड्यासकट. चमचाभर मीठ, मोठा चमचाभर काळी काकवी, थोडं तेल. यीस्ट कोमट पाण्यात विरघळवा. पाणी मनगटाला सोसेल इतकंच, जास्त गरम झालं तर यीस्ट मरतं. धान्य घालून मळा. हात दुखायला लागले की अजून थोडं मळा. पीठ दुप्पट फुगू द्या, ठोसा मारून हवा काढा, साच्यात घाला, साच्याच्या काठाशी आलं की कडक तापलेल्या भट्टीत. बुडाला टिचकी मारून पोकळ वाजलं की झाला.

आणि सँडविचसाठी करत असाल तर गरम असताना कापू नका. पूर्ण गार होऊ द्या. पातळ कापा, लोणी कोपऱ्यापर्यंत लावा, एवढीशी जागा मोकळी ठेवू नका; बीटाचं पाणी तिथूनच शिरतं.

विल्मा

---

वारूना, २ सप्टेंबर

विल्माबाई,

तुम्ही सांगितलं तसंच केलं. अक्षर न अक्षर. निघाला तो पाव नव्हता, खडी टाकलेला रस्ता होता. लेस्टरनं पहिलाच घास घेतला आणि त्याच्या दाढेतलं भरलेलं चांदीचं बूच निघून ताटात पडलं. दाताच्या डॉक्टरकडे जाण्यात अख्खा दिवस गेला. टॅमीनं तिचा तुकडा कोंबड्यांना घातला. कोंबड्यांनी खाल्ला, कारण त्यांना दात नसतात.

आता सरळ विचारते. मुद्दाम केलंत का? केलं असेल तर चांगला डाव टाकलात, मी हसेनसुद्धा. पण मला कळायला हवं, म्हणजे मी दुसऱ्या कोणाकडून तरी शिकेन.

सासरेबुवांनी एक घास घेतला, थांबले, म्हणाले, "कोणी भिजवलंच नाही." मी विचारलं, काय भिजवायचं? तर उठून बाहेर गेले. हे एक वाक्य सोडून आठवड्याभरात माझ्याशी दुसरं काही बोललेले नाहीत.

कॉरल

---

सेमाफोर, ९ सप्टेंबर

कॉरलबाई,

मुद्दाम केलं नाही. तुमचं पत्र कँटीनमध्ये वाचलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

धान्य रात्रभर भिजवायचं असतं. उकळतं पाणी ओतायचं, वर ताट झाकायचं, सकाळी मऊ झालेलं धान्य पिठात घालायचं. मी ते लिहिलं नाही, कारण इतक्या वर्षांत मी ते एकदाही केलेलं नाही. धान्य डॅड भिजवायचे. संध्याकाळचं जेवण झालं की उठून कोठारात जायचे, पिंपांमधून प्रत्येकाची ओंजळ घेऊन यायचे, किटली चढवायचे. बोलत राहायचे सगळा वेळ: मेंढ्या, पाऊस, शेजारच्या वाइसचा बैल. मी सकाळी उठले की ओट्यावर वाडगा तयार. माझ्या डोक्यात तो वाडगा असा आपोआप येतो, सूर्य उगवावा तसा.

म्हणून तुम्हाला सांगते, त्यांनाच सांगा भिजवायला. आणि एक गोष्ट स्पष्ट लिहिते, राग येईल तर येऊ दे. "बोलत नाहीत" वगैरे जे तुम्ही लिहिता ते माझ्या गळी उतरत नाही. त्या घरात बोलणारं माणूस एकच होतं, ते डॅड. मी निघाले तेव्हा लेस्टर शेतात होता. माझी बॅग गाडीत ठेवली ती डॅडनी, आणि रस्त्यात खायला सँडविचही त्यांनीच बांधून दिली. असा माणूस तुमच्याशी बोलत नसेल तर आधी स्वतःकडे बघा.

विल्मा

---

वारूना, २४ सप्टेंबर

विल्माबाई,

नाकाला मिरच्या झोंबल्या, म्हणून पंधरा दिवस लिहिलं नाही. आधी चांगली बातमी. धान्य मीच भिजवलं. पाव झाला! थोडा बुटका, पण कापला तर भुगा नाही, खडी नाही, आणि आतले दाणे कसे टचटचीत. खारवलेलं बीफ, बीट आणि मोहरीचं लोणचं घालून लेस्टरला दिलं. संध्याकाळी डबा रिकामा. "बरा होता," म्हणाला. कुंपणाचा खांब बोलला म्हणजे नाताळच की!

आता तुमच्या लाडक्या डॅडबद्दल. मी त्यांना सांगितलं भिजवायला. धान्याची पिंपं दाखवा म्हणून मी त्यांना कोठारापर्यंत घेऊन गेले. ते दारातच थांबले. म्हणाले, "तुझं तू बघ. मला त्यातलं काही सांगू नकोस." पाठ फिरवून गेले.

स्वतःकडे बघा म्हणालात ना? बघितलं. मी काय करते ते ऐका. सकाळी चहाचा कप पुढे करते. माणूस हात पुढे करत नाही, मग मी टेबलावर ठेवते, मग चाचपून घेतात, जणू माझ्या हाताला काही लागलंय. माझ्याकडे बघून कधी बोलत नाहीत. बोलले तर माझ्या खांद्यामागच्या भिंतीशी. अंगणातून हात केला तर ओळख नसल्यासारखे पुढे जातात. खिडकीकडे पाठ करून बसतात, वर म्हणतात, "या घरात मेणबत्तीएवढा उजेडसुद्धा मिळत नाही." मी दिवा बदलला. तरी तेच. ताटातले वाटाणे तसेच ठेवतात, मांसही अर्धं, सँडविच तेवढं खातात, तेही आत काय आहे ते वास घेऊन. वास घेऊन! मी काय विष घालते? परवा बीटाचं सँडविच उघडून बोट लावून बघितलं. पेपर तर कोणी वाचून दाखवायला लागलं की उठून जातात.

एकच काम करतात आणि ते मात्र मनापासून. टॅमीला रोज सकाळी पिकअपमधून शाळेच्या बसपर्यंत सोडतात आणि दुपारी आणतात. तिच्याशी बोलतातही, दोघांच्या हसण्याचा आवाज करत गाडी जाते. म्हणजे दोष मुलीत नाही, माझ्यात आहे. ते मी मान्य केलंय. आता पाव करते आणि गप्प बसते.

कॉरल

---

सेमाफोर, २९ सप्टेंबर

कॉरल,

अहोजाहो सोडते, वेळ नाही. पत्र एक्स्प्रेसनं टाकते आहे.

टॅमीला त्यांच्या गाडीत बसू देऊ नकोस. उद्यापासून. हे वाचतेस त्या क्षणापासून.

तू जे लिहिलंस ते मी तीनदा वाचलं. ते तुझा राग करत नाहीत. त्यांना तू दिसत नाहीस. कप दिसत नाही, वाटाणे दिसत नाहीत, बीट आहे की बीफ ते दिसत नाही. खिडकीचा उजेड डोळ्यांवर आला की सगळं पांढरं होत असेल, म्हणून पाठ करून बसतात. आमच्या कँटीनमध्ये पूर्वी एक म्हातारी मिसेस कॉर्निश होती, तिचं अगदी असंच झालं होतं. मोतीबिंदू. तीही कोणाला कळू देत नव्हती, नोकरी जाईल म्हणून.

डॅड सांगणार नाहीत. गाडी गेली तर त्या माणसाकडे काय उरतं? पण तुझी पोर त्या गाडीत आहे.

माझ्या मागच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मला परत घ्यायचं आहे. ते नंतर बोलू.

विल्मा

---

वारूना, ५ ऑक्टोबर

विल्मा,

तुझं पत्र पोस्टाच्या पेटीपाशी उभ्या उभ्या वाचलं. घरी येऊन टॅमीला समोर बसवलं. म्हटलं, "आजोबा गाडी कशी चालवतात?"

"छान चालवतात."

"त्यांना रस्ता दिसतो?"

तिनं ओठ काढला. "मी वचन दिलंय."

"कसलं वचन?"

"मी सांगते ना त्यांना. डावीकडे घ्या, आता सरळ, पुढे कांगारू आहे, फाटक आलं. आमचा खेळ आहे तो. मी त्यांची डोळेवाली आहे." आणि मग रडायला लागली. "मी सांगितलं तर ते आजोबांची गाडी घेतील ना, मम?"

वर्षभर, विल्मा. वर्षभर ती पोर त्या म्हाताऱ्याला बसपर्यंत नेऊन सोडत होती, आणि मी दारात उभी राहून हात करत होते.

जेवताना लेस्टरला सगळं सांगितलं, सासरेबुवांच्या समोरच. ते ताट बाजूला सारून म्हणाले, "मी तुझ्या जन्माआधीपासून त्या रस्त्यावर गाडी चालवतोय." लेस्टर म्हणाला, "डॅड म्हातारे झालेत, आंधळे नाहीत. पोरींचे खेळ असतात." विल्मानं लिहिलंय असं मी म्हटलं आणि तिथेच चुकले. तो लालबुंद झाला. मी किल्ल्या काढून घेतल्या होत्या, त्या माझ्या हातातून घेऊन त्यानं बापाच्या हातात ठेवल्या.

टॅमीला मी चालत बसपर्यंत नेते आहे. लांब आहे, पण पाय आहेत. सासरेबुवा मात्र आता मुद्दाम दोनदा जास्त गाडी काढतात. रस्त्यावर दुसऱ्यांचीही पोरं आहेत. काय करू?

कॉरल

---

वारूना, ७ ऑक्टोबर

विल्मा,

तू गेलीस ते तुझ्या मर्जीनं. आता ॲडलेडला बसून माझं घर चालवू नकोस. पावाची कृती दिलीस, ठीक आहे, आभार. माझ्या बापाबद्दल माझ्या बायकोला काही शिकवू नकोस. कापणीला डॅडऐवजी धान्याचा ट्रक कोण चालवणार, तू?

लेस्टर

---

सेमाफोर, १३ ऑक्टोबर

लेस्टर,

हो, वेळ आली तर मी चालवीन. तू मला शिकवलं नव्हतंस, डॅडनी शिकवलं होतं.

त्यांना एक पेपर दे आणि कुठलीही एक ओळ वाचायला सांग. भांडण संपेल. एवढं करायची तुला भीती वाटते, कारण उत्तर तुला माहीत आहे.

विल्मा

---

वारूना, १६ ऑक्टोबर

विल्मा,

लेस्टरला तुझं पत्र आलं की नाही मला माहीत नाही, आता त्याचं काही कामही नाही. बसून लिहिते आहे, पाय स्टुलावर आहे. घाबरू नकोस, गुडघाच फक्त.

मंगळवारी टॅमीला बसवर सोडून परत आले तर सासरेबुवा पिकअप सुरू करून बसलेले. मला एकदम संताप आला. वाटलं, आता काय व्हायचं ते होऊ दे. अंगणाच्या मधोमध, गाडीच्या तोंडासमोर जाऊन हाताची घडी घालून उभी राहिले. म्हटलं, बघू माझ्याकडे डोळे रोखून कसा गाडी काढतो म्हातारा. माझ्या पाठीशी सूर्य होता. मी बोलले नाही. तेही बोलले नाहीत. माझ्या तोंडाकडे बघत होते, अगदी सरळ. मला वाटलं, आमची नजरेची कुस्ती चाललीय.

आणि त्यांनी गाडी पुढे घेतली.

शांतपणे, विल्मा. रागानं नाही. रोज घेतात तशी. शेवटच्या क्षणी मला कळलं की हा माणूस माझ्याकडे बघतच नाहीये, आणि मी ओरडले. बंपर गुडघ्याला लागला, मी आडवी झाले. गाडी थांबली. दार उघडलं. ते बॉनेट चाचपत चाचपत पुढे आले, "कोण आहे? कोण आहे तिथं? टॅमी?" करत. माझ्या केसांना हात लागला तेव्हा खाली बसले आणि माझा चेहरा दोन्ही हातांनी धरून "कॉरल? कॉरल?" एवढंच.

लेस्टर शेडच्या दारात उभा होता. त्यानं सगळं पाहिलं. धावत आला, पण माझ्याकडे आधी आला की बापाकडे, मला आठवत नाही. तो रडत होता. मी त्याला कधी रडताना पाहिलं नव्हतं. तू पाहिलं होतंस का?

किल्ल्या सासरेबुवांनीच दिल्या. मी गुडघ्याला बर्फ लावून बसले होते तेव्हा ते आले, माझ्या शेजारची खुर्ची चाचपली, बसले आणि बोलायला लागले. दोन वर्षांचं साचलेलं. धान्याचंही सांगितलं. तू गेल्यावर दोघेच पुरुष होते तेव्हाही ते भिजवायचे, लेस्टर कसाबसा पाव करायचा. एका रात्री त्यांनी कोठारातून भलत्याच पिंपातलं धान्य आणलं. पेरणीचं बियाणं, कीड लागू नये म्हणून विषारी औषध चोळलेलं. त्याचा भडक गुलाबी रंग आंधळ्यालासुद्धा दिसावा, असं ते म्हणाले आणि मग स्वतःच थांबले. उकळतं पाणी ओतल्यावर वास आला म्हणून कळलं. सगळं खड्डा खणून पुरलं. लेस्टरला सांगितलं, कंबर दुखते, आता दुकानाचाच पाव आणत जा. त्यानंतर त्या पिंपांना हात लावला नाही.

"आणि गाडीला हात लावलात, डॅड?" मी म्हटलं. रागानं म्हटलं. पोर माझी आहे.

"गाडीतून मला काही वास येत नव्हता," म्हणाले. मग मान खाली घालून, "ते मला माफ करू नकोस."

नाही केलं. अजून तरी नाही. पण चहा दिला, हातात कप नीट धरवून दिला.

पोर्ट लिंकनच्या डॉक्टरांनी तपासलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकलेले. ॲडलेडला शस्त्रक्रिया करून काढता येतात. एवढं साधं! तारीख फेब्रुवारीतली मिळाली आहे.

कॉरल

---

सेमाफोर, २२ ऑक्टोबर

कॉरल,

मी लेस्टरला एकदाही रडताना पाहिलं नाही. ते तुझ्या वाट्याला आलं, तुझ्यापाशीच ठेव.

फेब्रुवारीत दोघंही माझ्याकडे उतरा. हॉटेलचा विचारही करू नकोस. दोन खोल्या आहेत, मी बैठकीत झोपेन. हॉस्पिटल ट्रेननं जवळ आहे. लोक काय म्हणतील हा प्रश्न हिल्डा नॉस्केवर सोडून दे, तिला वर्षभर पुरेल.

गुडघा शेकत राहा. आणि आता ट्रक कोण चालवणार?

विल्मा

---

वारूना, १४ डिसेंबर

विल्मा,

ट्रक मी चालवते!

लेस्टरनं शेतात दोन दिवस शिकवलं. आमचा घटस्फोट व्हायचाच बाकी होता. मग डॅड म्हणाले, "बाजूला हो, मी बसतो तिच्याबरोबर." आता रोज शेजारच्या सीटवर बसतात, डोळे मिटून. "इंजिन रडतंय, ऐकू येत नाही का? गियर खाली घे. आता सोड. अगं हळू, लोणी कापायचंय, लाकूड नाही." पहिल्या दिवशी धान्य ओतायच्या सायलोवर रांगेतले सगळे गडी बाहेर येऊन बघत होते. एक जण ओरडला, "काय हो एवाल्ड, ड्रायव्हर कुठून पकडून आणला?" डॅडनी काच खाली केली. "पोर्ट लिंकनहून. मासळीबरोबर फुकट मिळाली." गडी हसले, मीही हसले. वजनकाट्यावर ट्रक नीट चढवला, एका फटक्यात.

पाव आठवड्याला चार करते. राय थोडी कमी केली आणि भोपळ्याच्या बिया घालते. तुझ्या सासूबाईंच्या सासूबाई लाटणं घेऊन आल्या तरी चालेल. ट्रकमध्ये कापडात गुंडाळून ठेवते, सायलोच्या रांगेत बसून खातो आम्ही दोघं. आत काय आहे ते मी आधी सांगते, म्हणजे वास घ्यावा लागत नाही. काल शेजारच्या वाइसनं एक मागितलं. आज त्याच्या बायकोनं कृती मागितली. भिजवायचं लिहून दिलंय, पहिल्याच ओळीत.

लेस्टर रोज सकाळी टॅमीला बसवर सोडतो आणि मग हार्वेस्टरवर चढतो. माफी मागितलेली नाही. पण तुझ्यासाठी अर्धं कोकरू कापून बर्फात ठेवायला काढलंय, फेब्रुवारीत घेऊन जा म्हणतो. विचारलं, बरोबर चिठ्ठी देणार का? म्हणाला, "कोकरू आहे ना."

कॉरल

---

वारूना, १ मार्च १९८७

विल्मा,

सुखरूप पोचलो. डॅड गाडीत सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होते आणि प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचत होते. पोर्ट ऑगस्टापर्यंत मला गंमत वाटली, पुढे डोकं उठलं.

तुझ्या घरातून निघताना नीट काही बोलता आलं नाही, ते लिहिते. पहिल्या दिवशी तू दार उघडलंस तेव्हा मला परत फिरावंसं वाटत होतं. तू इतकी बुटकी असशील असं कधी वाटलं नव्हतं! मी मनात तुला सहा फुटांची करून ठेवली होती. आणि मग तू म्हणालीस, "पाव नाहीये घरात. त्या घरातून निघाल्यापासून केलेला नाही." आणि आपण दोघी तुझ्या त्या एवढ्याशा ओट्यावर मळायला लागलो, तर तू मला कोपरानं ढकलून म्हणालीस, "अशी काय मळतेस, मासा धुतेयस का?" तेव्हापासून मला बरं वाटायला लागलं.

दुसऱ्या डोळ्याची तारीख जूनमध्ये. टॅमीलाही आणू का? समुद्र दाखवते तिला तुझा. तिला अजून रात्री आजोबांच्या गाडीची स्वप्नं पडतात. घरी आल्यावर ते तिच्याजवळ बसले आणि म्हणाले, "तू खोटं बोलली नाहीस, मी तुला बोलायला लावलं. ती चूक माझी, तुझी नाही." तिनं विचारलं, "मग आता मी काय आहे?" म्हणाले, "आता तू नुसती टॅमी." ते तिला पुरलं की नाही, बघू.

डॅडना तुला स्वतःच्या हातानं लिहायचंय. पाकिटात घालते आहे. मी वाचलेलं नाही, त्यांनी वाचू दिलं नाही.

कॉरल

---

विल्मा पोरी,

किती दिवसांनी लिहितोय. अक्षर वाकडं आलं तर डोळ्याला दोष देऊ नकोस, ते आधीपासून वाकडंच आहे.

पट्टी काढली त्या दिवशी तू शाळेत होतीस. तिथे काय झालं ते कॉरलनं तुला सांगितलं नसणार, म्हणून मी सांगतो.

डॉक्टरनं पट्टी काढली. आधी छत दिसलं. मग डॉक्टर, त्याच्या नाकावरचा तीळ. मग पलंगाशी दोन बायका. एक पांढऱ्या टोपीतली, ती सिस्टर हे कळलं. दुसरी उंच, तांबड्या केसांची, तोंडभर ठिपके, डाव्या भुवईपाशी जुना व्रण. तीही हॉस्पिटलचीच असेल असं मला वाटलं. मी तिला म्हणालो, "बाई, माझी सून बाहेर थांबली असेल, तिला जरा बोलवता का?"

सिस्टरनं तिच्याकडे बघितलं. मग ती तांबड्या केसांची म्हणाली, "डॅड, मीच आहे."

आवाज ओळखीचा. दोन वर्षं मी तो आवाज रोज ऐकला, त्याच्याशी भांडलो, त्याच्या शेजारी ट्रकमध्ये बसलो, आणि ती बाई रस्त्यात भेटली असती तर टोपी काढून पुढे गेलो असतो. माझ्या मनात ती काळ्या केसांची होती. का, ते माहीत नाही. तिच्या तोंडावर मी गाडी घातली होती, विल्मा, आणि ते तोंड मी तेव्हा पहिल्यांदा बघत होतो.

ती रडायला लागली आणि तोंड फिरवून पिशवीत काहीतरी शोधू लागली. मी म्हणालो, "थांब. पिशवी राहू दे. जरा खिडकीपाशी उजेडात उभी राहा."

ती जाऊन उभी राहिली. डॉक्टर निघून गेला, सिस्टर गेली. मी बघत राहिलो, आणि ती, एवढी तोंडाळ बाई, मला हवा तितका वेळ काही न बोलता तिथं उभी होती.

एवाल्ड